मम्मटाची सहा प्रयोजनं आणि आम्ही नऊ जण

"काव्य कशासाठी?" हा प्रश्न मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला परीक्षेत एकदा तरी आलेला असणार. आणि त्याचं उत्तरही ठरलेलं. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचे एक पंडित होऊन गेले. त्यांनी 'काव्यप्रकाश' या ग्रंथात काव्याची सहा प्रयोजनं सांगितली आहेत. यश, अर्थ, व्यवहारज्ञान, शिवेतरक्षती, सद्यःपरनिर्वृती आणि कान्तासंमित उपदेश. पाठ व्हावं म्हणून आम्ही पहिली अक्षरं घेऊन एक मंत्र केला होता, "य-अ-व्य-शि-स-का". पेपरला बसल्यावर उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तो आधी लिहून ठेवायचा, मग पुढचं सगळं.

मी पुढे शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. आठवी-नववीच्या मुलांना मम्मट शिकवायची वेळ कधी आली नाही. पण हा मनुष्य माझ्या डोक्यातून गेला नाही तो नाहीच. हल्ली रात्री झोप लवकर उघडते (आमच्या वयात ती उघडतेच!), तेव्हा एक खेळ सुरू होतो. मम्मटाची सहा प्रयोजनं एका बाजूला मांडायची, दुसऱ्या बाजूला आमच्या वर्गातली नऊ माणसं, आणि बघायचं, कुणाच्या वाट्याला काय आलं.

नऊच. १९७२-७३ साली जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला मराठी विषय घेणारे आम्ही एवढेच होतो. सहा मुलगे, तीन मुली. तेव्हा आमचा भाग पुणे विद्यापीठात होता. मुलींनी लेडीज रूममध्ये थांबायचं, सर आले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरायचं, पहिल्या बाकावर बसायचं आणि तास संपला की सरांच्या मागोमागच बाहेर पडायचं, अशी पद्धत. मुलांशी बोलणं म्हणजे "अहो, ती वही देता का?" एवढंच. एकमेकांची नावं घ्यायचीही चोरी, म्हणून आम्ही मुलांना गावावरून ओळखायचो. धरणगाव, एरंडोल, पारोळा, बोदवड... इथेही तशीच लिहिते. काहीजण आता नाहीत, आणि असलेल्यांची नातवंडं वाचती झाली आहेत.

पहिलं प्रयोजन यश. मम्मटानं उदाहरण दिलंय थेट कालिदासाचं. आमचा कालिदास म्हणजे धरणगाव. धरणगाव हे बालकवींचं गाव, त्यामुळे बिचाऱ्याला कविता लिहिण्यावाचून गत्यंतरच नव्हतं! १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांनी कविता म्हटली आणि तिथेच ते 'बालकवी' झाले, ही गोष्ट तो आम्हाला अशी सांगायचा, की जणू हा स्वतः पहिल्या रांगेत बसला होता. आणि भादली स्टेशनजवळ १९१८ साली रुळांवर बालकवी गेले, तेव्हा वय अवघं सत्तावीस, हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. सत्तावीस वर्षांच्या आत आपलंही काहीतरी व्हायला हवं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. दर महिन्याला एका नामांकित मासिकाला तो कविता पाठवायचा. परतीचं टपाल तिकीट आत घातलेलं. आणि दर महिन्याला ती कविता 'साभार परत' यायची. अशा चिठ्ठ्यांची त्यानं फाईल केली होती.

सत्तावीस उलटून गेले, काही झालं नाही. गावातल्या शाळेत तो मास्तर झाला. मात्र चार तालुक्यांत कुणी निवृत्त होवो, कुणाची एकसष्ठी असो, मानपत्र लिहायचं ते यानंच. अशी शेकडो मानपत्रं त्यानं लिहिली. लोकांच्या बैठकीत ती चौकटीत लावलेली आहेत, आणि एकावरही त्याचं नाव नाही. मानपत्रावर लिहिणाऱ्याचं नाव नसतंच. माझ्या निवृत्तीचं मानपत्र वाचताना तिसऱ्या ओळीलाच मी ओळखलं, हा हात धरणगावचा. कालिदासाला मिळालं ते यश, आणि ह्याला मिळालं ते काय? मला अजून नीट शब्द सापडलेला नाही.

दुसरं अर्थ, म्हणजे पैसा. इथे मम्मट धावक नावाच्या कवीचं उदाहरण देतो, त्याला श्रीहर्ष राजाकडून धन मिळालं म्हणून. धावकानं नाटक लिहिलं आणि ते राजाच्या नावावर गेलं, अशीही एक जुनी कथा सांगतात. आमच्या वर्गातला धावक म्हणजे एरंडोल. त्यानं एका प्रकाशकासाठी शाळेच्या मराठीची गाईडं लिहिली. वर्षानुवर्षं लिहिली. कवितेचं रसग्रहण, संदर्भासहित स्पष्टीकरण, मध्यवर्ती कल्पना, सगळं तयार. वरती नाव 'अनुभवी शिक्षक'. त्याचं स्लॅबचं घर त्यातूनच उठलं. मी वर्गात "गाईड वापरू नका रे" म्हणून कानीकपाळी ओरडायची, आणि मुलं पेपरात लिहायची ती वाक्यं माझ्याच वर्गमित्राची! भेटला की म्हणायचा, "बाई, तुमच्या शाळेचा निकाल माझ्यामुळे लागतो." गंमत सोडा, पण कवींनी ज्या कवितांवर फारसं कमावलं नसेल, त्या कवितांवर आमचं सगळ्यांचं पोट भरलं. माझा पगार तरी दुसरा कशाचा होता?

तिसरं व्यवहारज्ञान. मम्मटाच्या मनात व्यवहार आहे तो राजदरबाराचा. राजाशी कसं वागावं, कुठे काय शोभतं, हे काव्यातून कळतं म्हणे. आम्हाला राजे कुठले भेटायला! पण पारोळा बँकेत लागला. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ साली झालं होतं, खेडोपाडी शाखा निघत होत्या. मराठीवाला म्हणून सुरुवातीला त्याची टिंगल झाली. मग साहेबांच्या लक्षात आलं, की कर्जाला आलेला शेतकरी खरं बोलतोय की कुणाच्या सांगण्यावरून बोलतोय, हे ह्याला बरोबर कळतं. तो सांगायचा, "मी ह्या सगळ्यांना आधी 'बनगरवाडी'त भेटलोय."

आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची ती कादंबरी वाचली तो काळही असा होता, की पुस्तक कुठे संपतं आणि बाहेरचं कुठे सुरू होतं ते कळू नये. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळेबरोबर लोकांचे कागद, पैसे, भांडणं सगळं त्याच्या गळ्यात पडतं, आणि शेवटी दुष्काळ येऊन वाडी ओस पडते. १९७२ साली पाऊस गेला होता. रेशनला तांबडा मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. रस्त्यानं लोक कामाच्या शोधात बिऱ्हाड घेऊन चाललेले दिसायचे. वर्गात सरांनी शेवटचं प्रकरण वाचलं आणि पुस्तक मिटून तसेच बसून राहिले. त्या दिवशी प्रश्नोत्तरं झाली नाहीत.

त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ग्रंथालयात एकच प्रत. मुलांनी आपसात फिरवली आणि आम्हाला म्हणाले, "हे तुमच्यासाठी नाही." आमच्यातली सावद्याची मुलगी उठली, ग्रंथपालांकडे गेली, "मला अभ्यासाला पाहिजे" म्हणून घेऊन आली आणि तिनं दोन रात्रींत वाचून काढला. मी विचारलं, कसं आहे? म्हणाली, "अर्धे शब्द मला माहीत नाहीत. पण राग कळला." हेही व्यवहारज्ञानच. फक्त मम्मटाच्या राजवाड्यातून ते दिसलं नसतं.

आता चौथं. नाव अवघड, शिवेतरक्षती. शिव म्हणजे मंगल, त्याच्याहून इतर ते अमंगल, त्याची क्षती म्हणजे नाश. मयूर नावाच्या कवीनं सूर्याची स्तुती रचली आणि त्याचं कोड गेलं, अशी कथा. सरांनी हे शिकवलं आणि सहज म्हणाले, "बघा, कवितेनं संकट टळतं."

मागच्या बाकावरून बोदवड बोलला. तो एरवी कधी बोलत नसे. म्हणाला, "सर, कवितेनं खडी फुटत नाही."

वर्ग हसला. हसू दोन गोष्टींचं होतं. एक तर बोलणं तसं, आणि दुसरं म्हणजे त्याची बोली. त्याच्या तोंडी 'ळ'चा 'य' व्हायचा. डोळे म्हणजे डोये, शाळा म्हणजे शाया. 'पाणी'चं 'पानी' तर ठरलेलंच. गावाकडून आलेले आम्ही सगळेच होतो, पण कॉलेजात येऊन पुस्तकी बोलायला शिकलेले. त्याला ते जमलं नव्हतं, म्हणून तो गप्प असायचा. खडी ही काही उपमा नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तो आईवडिलांबरोबर दुष्काळी कामावर होता. पाझर तलावाचं काम आणि रस्त्याची खडी. हाताला फोड आलेले, त्यामुळे पेन धरता येत नव्हतं म्हणून ट्युटोरियल लिहिलं नव्हतं, हे नंतर कळलं.

सर रागावले नाहीत. पुढच्या तासाला 'बहिणाबाईंची गाणी' घेऊन आले. पुस्तक सरळ बोदवडच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच. माझ्याच्यानं हे नीट वाचलं जात नाही, मी देशावरचा."

बहिणाबाई आमच्याच जिल्ह्याच्या. माहेर असोद्याचं, सासर जळगावचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, शेतात राबणाऱ्या. काम करता करता त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जेवढं टिपून ठेवलं, तेवढं उरलं. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या खटपटीनं पुस्तक निघालं. हे सगळं आम्हाला परीक्षेपुरतं पाठ होतं. कविताही शाळेपासून म्हणत आलेलो, पण म्हणायचो आमच्या पुस्तकी उच्चारात.

बोदवडनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी चाचरत. मग त्याच्या लक्षात आलं, की ज्या उच्चाराला आपल्याला हसतात, तो इथे छापलेला आहे. 'य' आहे तिथे 'य'च आहे. आणि मग तो वाचत नव्हता, बोलत होता. एक कविता झाली, दुसरी झाली, घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी पुस्तक मिटत म्हणाला, "सर, हे तर आमच्या मायचं बोलनं आहे." त्यानंतर त्या वर्गात त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. खडी फुटली नाहीच, ते त्याचं खरं होतं. पण माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाचं जे गेलं, ते मयूराच्या कोडापेक्षा कमी नव्हतं.

त्याची बी.ए. पुरी झाली नाही. वडील गेले आणि तो भुसावळला रेल्वेत लागला. १९९० साली आमच्या भागाचं वेगळं विद्यापीठ झालं, आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. त्याच्या नातवाच्या पदवीवर ते नाव आलं, तेव्हा त्यानं मला फोन केला. "बाई, जिला सही करता येत नव्हती, तिच्या नावानं आता पोरं पास होतात." हसत होता की रडत होता, फोनवर समजलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांतच तो गेला.

पाचवं आणि सहावं प्रयोजन मी एकत्र घेते, कारण ती दोन्ही एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबतात. तीच सावद्याची.

कान्तासंमित उपदेश म्हणजे काय, तर वेद राजासारखे आज्ञा करतात, पुराणं मित्रासारखी समजावतात, आणि काव्य मात्र प्रिय पत्नीसारखं गोड बोलून आपलंसं करून उपदेश करतं. सरांनी हे सांगितल्यावर हिनं हात वर केला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर करणं हीच एक घटना! म्हणाली, "सर, पण घरात कान्तेचा उपदेश ऐकतं कोण?" हशा झाला. ती बसली नाही. म्हणाली, "आणि कान्तेनं स्वतः काव्य केलं तर त्याला कुठलं प्रयोजन?" सर क्षणभर थांबले. मग त्यांनी तो संपूर्ण तास महदंबेच्या धवळ्यांवर, मुक्ताबाई-जनाबाईंवर आणि इंदिरा संतांवर घेतला. अभ्यासक्रमाच्या क्रमात तो बसत नव्हता.

तिचं लग्न ठरलं ते माघात. परीक्षा एप्रिलमध्ये, आणि तिथी नेमकी परीक्षेच्या आठवड्यातली. सर मला बरोबर घेऊन एस.टी.नं सावद्याला गेले. तिच्या वडिलांनी आमचं चांगलं स्वागत केलं, चहा झाला, निघताना केळ्यांचा फणा हातात दिला. सरांनी विनंती केली, दहा दिवस तिथी पुढे घ्या. ते म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. पण स्थळ मोठं आहे, त्यांना नाही कसं म्हणू? आणि पोरीला कुठं नोकरी करायचीय?" दाराआड बांगड्या वाजल्या. कान्तेचा उपदेश कुणी विचारला नाही. परतीच्या एस.टी.त सर एक शब्दही बोलले नाहीत.

सासर केळीच्या बागांचं, घरात आणि वाड्यात मिळून वीस-पंचवीस माणसं जेवणारी. पुस्तक म्हणाल तर पंचांग. पुढे बारा वर्षांनी एका लग्नात भेटली, तेव्हा मी भीतभीतच विचारलं, "वाचतेस का गं काही?" म्हणाली, "वाचायला काही नाही, पण म्हणते ना! पोळ्या लाटताना मनात कविता म्हणते. आपण वहीत उतरवून घेतल्या होत्या त्या सगळ्या. मोठी कविता असली तर वीस पोळ्या होतात, सुनीत चौदा ओळींचं म्हणजे सात पोळ्यांचं." आणि मोठ्यानं हसली. म्हणाली, "सद्यःपरनिर्वृती म्हणजे काय ते सरांना परीक्षेत लिहून दाखवलं असतं मी. सद्यः म्हणजे लगेच, तव्यावरची पोळी फुगते तितक्या लगेच."

ग्रंथालयातल्या एकेका प्रतीवरून आम्ही तिघींनी शंभरपानी वह्यांमध्ये कविता उतरवल्या होत्या, कारण विकत घेणं परवडत नव्हतं. माझ्या वह्या बदल्यांमध्ये कुठे गेल्या कोण जाणे. तिच्या तिनं डोक्यात ठेवल्या, म्हणून राहिल्या.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. धाकट्या मुलाचं लग्न झाल्यावर तिनं तिथे नाव घातलं आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर बी.ए. झाली. अभ्यासात काही अडलं की फोन करायची. पण मम्मटाबद्दल तिचं मत तेव्हाही बदललं नव्हतं. "ह्यांनी सहाच का सांगितली? ह्यांना स्वयंपाक करायचा नव्हता, आजारी माणसाची उशाशी बसून सेवा करायची नव्हती, रात्री एकटं जागायचं नव्हतं. असतं तर सातवं सांगितलं असतं." मी म्हटलं, कोणतं? म्हणाली, "सोबत."

मला वाटतं, आमच्या नऊ जणांच्या हिशोबात हेच एक असं आहे, जे थोडंफार सगळ्यांच्या वाट्याला आलं. धरणगावच्या फाईलला, पारोळ्याच्या काउंटरला, बोदवडला रात्रपाळीत. आणि मलाही. हे गेले त्या वर्षी मला दिवसभर माणसांची गर्दी होती, पण रात्री अडीच वाजता उशाशी होत्या त्या विशीतल्या पाठ कविताच. त्यांनी कुठला उपदेश केला नाही की दुःख घालवलं नाही. बसून राहिल्या फक्त.

आज नवांपैकी आम्ही चौघं उरलोय. सावद्याच्या मैत्रिणीला काचबिंदूनं आता दिसत नाही. दर गुरुवारी दुपारी चारला मी फोन लावते आणि वाचते, ती ऐकते. मध्येच थांबवून म्हणते, "थांब, तो शब्द परत म्हण." कधी माझी ओळ चुकली तर पुस्तकाशिवाय ती दुरुस्त करते! सध्या 'बनगरवाडी' चाललंय, तिसऱ्यांदा. तिच्या घरात आता पोळ्यांना बाई आहे, त्यामुळे तिच्याकडे वेळच वेळ.

असो. मोठ्या टाइपातलं, कागद जरा बरा असलेलं इंदिरा संतांचं एखादं पुस्तक कुणाकडे जास्तीचं असेल तर कळवा. माझेही डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, आणि 'बनगरवाडी'ची शेवटची तीन प्रकरणंच उरली आहेत.